मेलेला म्हातारा जेवायला बसतो

१६ मार्च २०२५, रविवार. दुपारी ४.
आमच्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयातून बांधणीसाठी आणलेलं पुस्तक: एका आफ्रिकन कादंबरीचा मराठी अनुवाद. एकुलती एक प्रत. कव्हर गायब, खालची कडा उंदराने खाल्लेली. याला जबाबदार सचिव यशवंतराव. दर कार्यक्रमात हार घालून घेतात, पण कपाटात एक डांबरगोळी टाकवत नाही.
शिवण उसवली. सोळा-सोळा पानांचे बारा फर्मे निघाले. खालची कडा अर्धा इंच छाटली. पानांचे आकडे गेले. जाऊ देत. कडा अशी झाली की तिच्यात तोंड पाहावं. फर्मे सतरंजीवर मांडले आणि नेमका त्याच मिनिटाला प्रेमलाने यंदा पहिल्यांदाच कूलर लावून पाहिला. बारा फर्मे, बारा दिशा. मी ओरडलो. बायको असून म्हणते कशी, "मले काय मालूम तुमी तिथं आफ्रिका पसरून बसले!"
सगळे उचलले, क्रमाने लावले, शिवले. आकड्यांची गरज मूर्खांना. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळून राहिलो, एक वॉशर इकडचा तिकडे झालेला नाही.
पुस्तक शिलाई मशीनखाली दाबून ठेवलं आहे.

२० मार्च. सकाळी ६.
बांधून झालेलं पुस्तक सहसा वाचत नाही. हे वाचलं. हादरलो.
गोष्ट अशी. गाव. एक म्हातारा, त्याचा बोकड. नातीचं लग्न. गावातून रस्ता काढायला आलेला गोरा साहेब. पुस्तकाच्या पहिल्या पाव भागातच म्हातारा मरतो. खाली स्पष्ट छापलंय: "समाप्त". पान उलटलं, तर "जेवायला बसले होते, आणि म्हातारा सर्वांत आधी."
मेलेला माणूस लग्नात जेवायला बसतो! आणि कादंबरी पुढे दीडशे पानं चालते!
कोणाच्याच लक्षात आलं नाही. पुस्तक आणतानाच मंडळाच्या रजिस्टरमध्ये पाहिलं होतं, माझ्याआधी वाचणारी एकच, कमलाकाकू. रेल्वेतल्या गार्डची विधवा, वय चौऱ्याहत्तर, सीरियलमध्ये जाहिरात आली की पुस्तक वाचते. तिला काय कळणार.
प्रतीकं सापडली: ११.

२३ मार्च, रविवार.
मंडळात गेलो. यशवंतरावांना सांगितलं, मला मासिक व्याख्यान द्या. चौदा वर्षं मी या मंडळात खुर्च्या लावतो. आभारप्रदर्शनात माझं नाव माइकवाल्याच्या नंतर येतं. एकदा तर आलंच नाही. का? तर मी बारावी. व्याख्याते एमए लागतात, बाहेरगावचे लागतात, फोन न उचलणारे लागतात.
यशवंतराव म्हणाले, "अरे नीलकंठ, तू बोलशील? एक तास?" जणू मी उडणार आहे असं त्यांना सांगितलं.
शेवटी १३ एप्रिल मिळाली. जमलं तर दर महिन्याचं अभ्यासवर्तुळ माझ्याकडे. फळ्यावर नाव लिहिणार, त्याखाली "व्याख्याते". स्पेलिंग मी स्वतः तपासणार.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून चार प्रतीकं.

२४ मार्च. सकाळी ८.
उशिरा उठलो. कूलरच्या आवाजाने झोप लागत नाही.

२९ मार्च.
प्रतीकं: ४१. बोकड = गावाचा आत्मा. दोर = सत्ता. दोराची गाठ = करार. बोकडाचा उजवा कान फाटका = बातमी एकाच बाजूने ऐकू येते.
"समाप्त" हा तर मास्टरस्ट्रोक. गोऱ्यांच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपते. म्हाताऱ्याच्या दृष्टीने तिथून जेवण सुरू होतं. काळ गोल आहे.
आणखी. त्या मृत्यूच्या आधीचं वाक्य बघा: "लग्नाच्या मांडवात सगळे बोकडाला हाक मारली, आणि बोकड आला नाही." मुद्दाम मोडलेलं वाक्य. गुलामीने माणसाची जीभ मोडते, ती लेखकाने छापून दाखवली. आणि कादंबरीची शेवटची ओळ: "म्हाताऱ्याने दारात उभं राहून". बस. पुढे काही नाही. पूर्णविरामसुद्धा नाही. आपल्याकडच्या अभिजात म्हणवणाऱ्यांपैकी कोणी एवढी हिंमत केली आहे?
लेक राधिकाला वाचून दाखवलं. पोट्टी बीकॉमला, मराठी समजते, उत्तर हिंदीत. "पापा, बकरा बकरा ही तो है।"
या घरात कोणी वाचक नाही.

२ एप्रिल. संध्याकाळी ७.
संताप. इरावती मॅडमचा फोन. नवीन आल्या आहेत, इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतात, मंडळात आल्या की सगळे खुर्ची पुढे करतात (लावलेली मी). गोड आवाजात म्हणाल्या, यशवंतरावांकडून तुमचा विषय कळला, ही कादंबरी मी इंग्रजीत वाचली आहे, माझ्या आठवणीप्रमाणे म्हातारा शेवटी जातो, तुमची प्रत एकदा पाहू का?
मी म्हटलं, मॅडम, आफ्रिकेत काळ गोल असतो. त्या म्हणाल्या, "आफ्रिका म्हणजे एक गाव नाही हो, नीलकंठराव." मी फोन ठेवला. नेटवर्क गेलं असं नंतर कळवलं.
प्रत पाहू म्हणे! विवेचन चोरायचं आहे. पुस्तक उद्या कारखान्यात नेऊन बेअरिंगच्या रॅकमध्ये कुलपात ठेवतो.

६ एप्रिल.
ठेवलं.
जेवताना प्रेमलाने विचारलं, "त्या दिवशी पानं उडाली होती, नीट पाहून घेतलं न तुमी?" घास खाली ठेवला. एकोणीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला हा प्रश्न! तीन दिवस बोलणार नाही.

७ एप्रिल.
बोललो. टॉवेल सापडत नव्हता.
प्रतीकं: ६३. टॉवेल शोधताना दोन सुचली.

१३ एप्रिल, रविवार. दुपारी ३.
व्याख्यान झालं. यशस्वी. तपशील नोंदवतो.
खुर्च्या ८०, मीच लावल्या. माणसं ३७. ऊन. फळ्यावर "व्याख्याते: श्री. नीलकंठ" असं अर्धंच लिहिलं होतं, आडनावाला जागा उरली नाही. तरीही राधिकाने फोटो काढला. न सांगता.
पन्नास मिनिटं बोललो. मोडलेलं वाक्य वाचलं, "समाप्त" वर धरून दाखवला. यशवंतराव मान हलवत होते. दुसऱ्या रांगेतून कमलाकाकू उठल्या. "अरे नीलकंठ, मी वाचलं तवा तर म्हातारा शेवटी मेला होता. हा जेवाले कवा बसला?"
हशा. मी शांतपणे म्हटलं, काकू, वाचणं वेगळं आणि कळणं वेगळं. पुन्हा हशा, माझ्या बाजूने. पुस्तक पुढच्या रांगेत फिरायला दिलं.
ते इरावती मॅडमकडे गेलं. त्यांनी दोन ठिकाणी बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळू म्हणाल्या, "आपण नंतर बोलू."
हे मला सहन झालं नाही. चौदा वर्षं "नंतर" ऐकतो आहे. मी माइकवरून म्हटलं, नंतर काहून? सगळ्यांसमोर बोला. त्या नको म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, आत्ताच.
त्यांनी शेवटची ओळ वाचली. मग पुस्तकाच्या पाव भागात बोट घातलं होतं तिथून पुढचं वाचलं. न थांबता.
"म्हाताऱ्याने दारात उभं राहून बोकडाला हाक मारली, आणि बोकड आला नाही."
मग काकू ओरडल्या, "हव! हेच! इथंच मी रडली होती!"
नंतरचं हसणं बराच वेळ चाललं. मोजलं नाही.
आभारप्रदर्शनात माझं नाव दोनदा घेतलं. एकदा व्याख्यानासाठी, एकदा खुर्च्यांसाठी. दुसऱ्या वेळी टाळ्या जास्त.

१३ एप्रिल. संध्याकाळी ६.
दोष कूलरचा. दोष उंदराचा. दोष छापखान्याचा, फर्म्याचा आकडा इतक्या खाली छापतात का कोणी? दोष यशवंतरावांचा. काल भाषणाची वही दाखवली, तर म्हणाले, छान लिहिलंय रे. न वाचता.
प्रेमलाने पोहे केले, वर शेव जास्त टाकली. म्हणजे तिलाही कळलं आहे.

१४ एप्रिल. सकाळी १०, सुट्टी.
यशवंतरावांचा फोन. अभ्यासवर्तुळ इरावती मॅडमकडे. मॅडमचीच अट म्हणे, नीलकंठराव येणार असतील तरच. मी म्हटलं, विचार करतो. ते म्हणाले, कर, आणि येताना खुर्च्या...
मी फोन ठेवला. या वेळी नेटवर्क खरंच गेलं असावं.
शिवण उसवली. बारावा फर्मा दुसऱ्यानंतर होता. बाकी अकरा बरोबर. बारापैकी अकरा हे पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो. कूलर बंद ठेवून शिवलं, घामाने शर्ट पिळून निघाला. प्रेमलाने चार वेळा विचारलं, लावू काय? चार वेळा नाही म्हटलं.

१९ एप्रिल. दुपारी.
दुरुस्ती झाली का हे तपासण्यासाठी वाचलं. फक्त तपासण्यासाठी. पेन्सिल हातात होती.
म्हातारा लग्नात सर्वांत आधी जेवायला बसतो, कारण त्याला भूक लागलेली असते. बोकडाचा कान कुंपणाच्या तारेत फाटतो. साहेबाची माणसं बोकड घेऊन जातात तेव्हा दोर खुंट्यालाच राहतो, आणि म्हातारा तो गुंडाळून नीट ठेवतो. माझ्या स्टोअरमध्ये मी ठेवतो तसा.
मग दारात उभं राहून हाक मारतो.
प्रतीकं: ०. पेन्सिल कुठे पडली, सापडली नाही.
राधिका पाणी घेऊन आली, म्हणाली, "पापा, क्या हुआ?" बांधणीच्या सरसाचा वास. डोळ्यात जातो. खिडकी उघड म्हटलं.

२० एप्रिल, रविवार.
पुस्तक मंडळात जमा केलं. रजिस्टरमध्ये "दुरुस्त" लिहून सही केली. कमलाकाकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी लगेच आपल्या नावावर घेतलं. पान उलटवून शेवटाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "आता तरी म्हातारा शेवटीच मरते न रे?"
मी हो म्हणून मान हलवली.
मग काकूंसाठी एक खुर्ची पंख्याखाली ओढून दिली.