इंजिनावरची लाल खूण

३ नोव्हेंबर २०२४
जीपमध्ये दम राहिला नाही. आज लोहगडाच्या पायथ्याचा चढ चढवून बघितला. चढली, पण मुकाट्याने. पूर्वी सेकंडला टाकली की अशी गुरगुरायची की पुढची माणसं वळून बघायची. इंजिन बसलंय — दुसरं काय?

आदिनाथ म्हणतो, "मामा, इंजिन ठणठणीत हाय. बदलायचं कशापायी?" जावई आहे, सोमाटण्याला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, म्हणून गप्प बसलो. पण मी सगळी नोकरी कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये काढली. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग चाललंय ते सांगायचो. मला शिकवतो! सासऱ्याकडे मजुरी मागता येत नाही, म्हणून अंग चोरतोय.

६ नोव्हेंबर
ठरलं. पेट्रोलचं काढायचं, डिझेलचं बसवायचं. आदिनाथ "बघू" म्हणाला. तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं.

१२ नोव्हेंबर
पुण्याच्या जुन्या बाजारातून इंजिन आणलं. स्वतः कान लावून ऐकलं, चांगलं धडधडत होतं. गॅरेजवर उतरवताना आदिनाथची पाठ वळली तेवढ्यात कडेला सविताच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. बारीक, मलाच दिसेल असा. गॅरेजवाले हातोहात माल बदलतात, जावई झाला म्हणून काय झालं? सविताला हे बोललो नाही. बायको असली तरी तिच्या पोटात काही राहत नाही.

१७ नोव्हेंबर
घरात काहीतरी शिजतंय. सविता कोमलशी फोनवर बोलते ती इतकी हळू, की भिंतीलाही कळू नये. मी खोलीत गेलो की विषय बंद. "आदिनाथराव म्हणतात..." एवढंच कानावर आलं. काय म्हणतात आदिनाथराव? विचारलं तर म्हणे, "काही नाही हो, सहज." सहज कोणी कुजबुजतं का? पोटची पोरगी आणि बायको दोघी त्याच्या बाजूला.

१८ नोव्हेंबर
लोकल आता हॉर्न न देताच आमच्या घराशेजारच्या घोरावाडी स्टेशनात शिरतात. कोणीतरी मरेल एखाद्या दिवशी.

३० नोव्हेंबर
जीप आली! नवे माउंटिंग, गिअरबॉक्सला जुळवायला मध्ये प्लेट करून घातलेली, काम नीटनेटकं दिसतं. आधी खूण बघितली. जागेवर आहे. मग स्टार्टर मारला.

काय सांगू? डिझेल आहे की शिलाई मशीन? बाजारात धडधडत होतं ते हे नव्हेच. गाडी हलते, धूर येतो, आवाज म्हणून नाही. खुणेचं काय घेऊन बसलात — नेलपॉलिश कोमलकडेही असणारच. त्याने माझा ठिपका बघितला आणि दुसऱ्या इंजिनावर तसाच काढला. जेवण गेलं नाही.

४ डिसेंबर
करायचं नव्हतं ते केलं. गॅरेजवर गेलो. चार गिऱ्हाइकं उभी होती. लग्नापासून जावयाला अहो-जाहो करत आलो, आज त्यांच्यासमोर अरे-तुरेवर आलो. "माझं इंजिन कुठं विकलंस?"

आदिनाथने पाना खाली ठेवला. "मामा, तुमी आनलेलंच हाय ते." मग मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. मी म्हणालो, "हिंमत असेल तर मोठ्याने बोल." तो आत निघून गेला.

मन साफ असतं तर मान खाली का गेली असती?

८ डिसेंबर
रविवार. कोमल आली नाही. दर रविवारी येते, माझ्यासाठी भाकरी थापते, उशिरापर्यंत थांबते. सविता म्हणाली, "तुम्ही आदिनाथरावांची माफी मागेपर्यंत ती या घरात पाऊल टाकणार नाही." माफी? चोरी त्याची आणि माफी मी मागायची?

वर फुशारकी मारली, पण आतून हललोय. एकुलती एक लेक आहे. आता एकच उपाय. दुसऱ्या गॅरेजवाल्याकडून खरं काय ते काढायचं आणि कोमलपुढे ठेवायचं.

१० डिसेंबर
लोणावळ्याला नेली. तिथला मिस्त्री ओळखीचा नाही, मुद्दाम तसाच शोधला. त्याने बॉनेट उघडलं, खालून-वरून बघितलं. म्हणाला, "आबा, झ्याक बसवलंय. फक्त सायलेन्सर बदला, अख्खा बाजार वळून बघतोय."

वळून बघतोय! कशाला बघेल? आदिनाथने फोन करून ठेवला असणार. सगळे एकाच माळेचे मणी.

११ डिसेंबर
सविता खिडकीशी कोमलशी फोनवर बोलत होती. मध्येच थांबली आणि दुसऱ्या कानात बोट घातलं. हिला काय झालं म्हणून बघितलं. बाहेर लोकल चालली होती. मांडणीतले कप हलत होते. माझ्या कानाला काहीच नाही.

गाडी गेल्यावर विचारलं, "आता हॉर्न वाजला?"

तिने फोन खाली केला. मग जवळ आली, तोंडासमोर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "आदिनाथराव दिवाळीपासून सांगतायत, मामांना कानाच्या डॉक्टरकडे न्या. पण तुम्हाला सांगणार कोण?"

फोन तिच्या हातातून घेतला. कोमलला म्हटलं, त्यांना दे. "चुकलं माझं, आदिनाथराव."

पलीकडून ते काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. काय, ते मला कळलं नाही.