जमिनीपासून एक वीत

शिरवणे,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

दादा,

नमस्कार. वर ‘तीर्थस्वरूप’ लिहायला घेतलं होतं, पण हात धजावला नाही, म्हणून नुसतं दादा. पुण्याचा दौरा बरा झाला असेल, वहिनीही माहेरून परतली असेल असं धरते. मी ठीक आहे. वाशीच्या आमच्या टीव्हीच्या दुकानात दिवाळी संपली तरी गर्दी हटत नाही. ज्याला त्याला शेजाऱ्यापेक्षा दहा इंच जास्त हवेत.

तुझं होम थिएटरचं काम होत आलंय. उद्या दुपारी आमच्या दुकानातला फिटर पोपट टीव्ही बसवून जाईल आणि रिमोटच्या खोक्यात हे पत्र ठेवेल. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. म्हणून कागद.

आधी कामाचं सांगते. तुला एकशे वीस इंचाचा पडदा आणि प्रोजेक्टर हवा होता, कारण तुझ्या साहेबांकडे शंभराचा आहे. मी नको म्हटलं. त्या खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी आहे, संध्याकाळच्या उन्हात पडद्यावरचं चित्र पार फिकं पडलं असतं. शिवाय भिंतीपासून खुर्चीपर्यंत जेमतेम नऊ फूट मिळतात. तेवढ्यावरून एकशे वीस इंच बघायचे म्हणजे डावीकडचा माणूस बोलला की मान डावीकडे, उजवीकडचा बोलला की उजवीकडे. नऊ फुटांना पंच्याऐंशी इंचाचा टीव्ही पुरतो. तोच घेतलाय. चित्र झकास आहे, त्यात तुला फसवलेलं नाही. गिऱ्हाइकाला मी फसवत नाही.

उंचीचं मात्र तू काही विचारलंच नाहीस. ड्रॉइंग पाठवलं, ते न उघडताच तू ‘फायनल कर’ म्हणालास. केलं.

टीव्हीची खालची कड जमिनीपासून एक वीत आहे. एव्हाना तू बघितलंच असशील आणि पोपटने घोळ घातला असं वाटून तुझं डोकं फिरलं असेल. त्याला शिव्या देऊ नकोस, त्याने माझ्या मापाबरहुकूम काम केलंय. बंडू सुताराने पॅनेलिंगमध्ये टीव्हीचा कोनाडाच तेवढ्यावर केलाय. टीव्ही वर घ्यायचा तर अख्खी भिंत उखडावी लागेल, आणि रविवारी अकराला तुझ्या ऑफिसची मंडळी येणार आहेत.

तू मेसेजमध्ये लिहिलं होतंस, ‘मागची रिकामी खोली, अकरा बाय चौदा.’ रिकामी! मी माप घ्यायला सानपाड्याला आले तेव्हा दाराच्या मागे आण्णांच्या टोपीचा खिळा तसाच होता. खाट होती तेवढी फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होती. तुझे मेसेज मी मोजले, दादा. सतरा. इंच, स्पीकर, रिक्लायनर, भिंतीचा रंग. आण्णा कसे आहेत, हे एकातही नाही. चार दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे आले त्याला आता आठ महिने झाले.

का आले, ते आपण दोघंही बोलत नाही. आज मी बोलते.

तुझ्या हॉलमधला टीव्ही तू शोकेसच्या वर, छताला भिडवून लावलास. आपल्या जुन्या खोलीत पोरांचे हात लागू नयेत म्हणून टीव्ही कपाटावर असायचा, तीच सवय तू फ्लॅटमध्ये नेलीस. आण्णांनी पस्तीस वर्षं बाजारात कांद्याच्या गोण्या वाहिल्या. त्यांची मान वर होत नाही, हे तुला ठाऊक होतं. पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. हॉलच्या मधोमध सतरंजी टाकायचे, डोक्याखाली दोन उश्या घेऊन उताणे पडायचे आणि बातम्या बघायचे. मार्चमध्ये तुझ्या प्रमोशनची पार्टी होती, साहेब लवकर आले, आणि तू सगळ्यांदेखत म्हणालास, “आण्णा, उठा ना! लोक आलेत, कळत नाही? रोज रोज काय तमाशा लावलाय?”

त्यांना उठायला वेळ लागला. आधी कुशीवर वळले, मग शोकेसला धरून गुडघ्यावर आले. कुणीतरी हसलं. मी ढोकळ्याचं ताट घेऊन तिथेच उभी होते. ताट खाली ठेवून त्यांना हात द्यायचा, एवढंच करायचं होतं. मी केलं नाही. साहेबांसमोर तुझी शोभा नको म्हणून गप्प राहिले. त्याची लाज मला रोज वाटते, आणि ती लाज मी तुझ्यावर काढतेय असं म्हणालास तर खुशाल म्हण. खोटं नाही ते.

आता खरं सांगते. ड्रॉइंग काढताना माझा बेत एवढाच होता, की तुझ्या पाहुण्यांनी त्या महागड्या रिक्लायनरमध्ये पाय पसरले की त्यांना पडद्याऐवजी स्वतःचे बूट दिसावेत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ते ड्रॉइंग माझ्या टेबलावर पडलं होतं. आण्णा चहा घेऊन आले. खाली बघत चालणाऱ्या माणसाला टेबलावरचं बरोबर दिसतं.

“ह्ये कुनाचं माप गं?” त्यांनी विचारलं.

“तुमचं,” मी म्हटलं.

“आन् खोली?”

“दादाची. तुमचीच ती, मागची.”

ते बराच वेळ कागदावर बोट फिरवत राहिले. मग तुझं नाव घेऊन म्हणाले, “इश्वाला म्हाईत हाय व्हय, माझी मान वर हुईत न्हाई त्ये?”

तिथे मी थांबायला हवं होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि तुझ्यावर उगवायचा सूड मला तिथल्या तिथे सापडला. मी म्हटलं, “माहीत आहे म्हणूनच तर करून घेतलंय. खास तुमच्यासाठी.”

त्या दिवसापासून ते माझं ऐकत नाहीत. गावाला नामदेवकाकांना फोन झाला, बायजाआत्याला झाला. “पोरानं माझ्या मानंच्या मापानं टीवी बशिवलाय,” हे वाक्य मी पंधरा वेळा ऐकलं असेल. पिशवी भरून दाराशी ठेवलीय. गावची जीप रविवारी पहाटे निघतेय, अकरा माणसं आहेत. नामदेवकाका साताऱ्याहून कंदी पेढे आणतायत. ती सगळी मंडळी आण्णांना घेऊन अकराच्या ठोक्याला तुझ्या दारात असतील, तुझ्या साहेबांच्या बरोबरच.

तेव्हा तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. भावकीसमोर आणि साहेबांसमोर सांग, की हे माप मी दिलेलं नाही, बहिणीने परस्पर केलं, मला बापाची मान आठवलीही नव्हती. मीही खोटारडी ठरेन आणि आण्णा पुन्हा माझ्याकडे येतील, पण या खेपेला ते मोडून येतील, आणि त्यात माझाही हात असेल, हे मला कळतं. गेला महिनाभर मला त्याचीच धास्ती आहे. तरी मी माघार घेतलेली नाही.

नाहीतर गप्प राहा, आणि त्यांना हाताला धरून आत ने. मधली रिक्लायनर काढून हातांची साधी लाकडी खुर्ची ठेव. त्या खोलीत चित्र नीट दिसेल अशी जागा ती एकच आहे. बाकीच्यांनी खाली सतरंजीवर बसावं, तुझ्या साहेबांनीसुद्धा. खाट त्याच रात्री परत लाव. महिन्याभराने त्यांना तिथून हलवावंसं वाटलं, तर गावात काय सांगायचं ते आधी ठरवून ठेव, कारण नामदेवकाका दर रविवारी फोन करतात.

पहिला पेढा तुलाच भरवायचा म्हणतायत. “त्याचं त्वांड ग्वाड केल्याबिगर मी बसनार न्हाई” असं सगळ्यांना सांगून झालंय. मानेसारखाच त्यांचा हातही वर जात नाही, तेव्हा तुलाच वाकावं लागेल. त्या वेळी मी समोर उभी असेन.

या खेपेला हातात ताट नसलेली,
तुझी बहीण
वैष्णवी