बावीस मिनिटं

४ मार्च

चार ताटल्या, एक काचेचा जग, भिंतीवरचं घड्याळ. आज मी एवढं फोडलं म्हणे. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही! संध्याकाळी हात थरथरले, घाम फुटला, इथवर आठवतं. भानावर आले तेव्हा जमिनीवर बसलेली, तोंडात साखर, आणि नवरा झाडूनं काचा गोळा करत होता. त्याच्या गालावर कापलेलं. "बघ, तुझे प्रताप," म्हणाला.

माझ्या दंडावर चार बोटं उमटलीत. काळीनिळी. "धरून ठेवावं लागलं तुला," म्हणाला. शुगर अडतीस होती.

अकराव्या वर्षापासून हा डायबेटिस माझ्या मानगुटीवर बसलाय. पण ही फोडाफोडी लग्नानंतरची. ताई म्हणायची, "लहानपणी शुगर उतरली की तू कोपऱ्यात बसून रडायचीस गं, मारायची नाहीस कोणाला." यावरूनच तर आमचं वाजलं. माझ्या नवऱ्याला खोटं ठरवते म्हणून वर्षभर तिच्याशी बोलले नाही.

आता पोटात बाळ आहे, चौतिसावा आठवडा चालू आहे.

५ मार्च

दुकानात गेले. फोटोंना फ्रेम करायचं दुकान, मी काच कापते. कटरनं एकच रेघ ओढायची, टेबलाच्या कडेवर धरायची, एक झटका — कडाक्! सात काचा नीट तुटल्या. आठवी मुद्दाम आपटली. मालककाका म्हणाले, "अगं, पोटातलं ऐकतंय सगळं!" ऐकू दे. आई कशी आहे ते आधीच कळलेलं बरं.

घरी येऊन बघते तर सुऱ्या कुलपात. काकडी चिरायची तरी नवऱ्याकडे किल्ली मागायची! त्याचं डोकं धरून ओट्यावर आपटावंसं वाटलं. खरंच वाटलं. मग घाबरून शुगर बघितली. एकशे बारा. म्हणजे शुगरवर तरी कशाला ढकलू? मीच अशी आहे.

९ मार्च

नणंद आली. तिच्या घरी पाळणा लावून झाला. कोणाला विचारून?

"बाळ दवाखान्यातून थेट माझ्याकडे आणायचं," म्हणाली. "तुझ्या हातात कसं द्यायचं गं? उद्या आपटलंस म्हणजे?"

मी तिच्या अंगावर धावून गेले. नवऱ्यानं मागून मनगट पिरगाळलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. "बघितलंस ना अक्का? आणि आत्ता शुगर नॉर्मल आहे हिची!"

अक्का जिंकली. जाताना माझ्या पोटावर हात फिरवून गेली, दुकानात कलिंगड ठोकून बघतात तसा. हात चावायला हवा होता.

१० मार्च

आपटलंस म्हणजे. आपटलंस म्हणजे. दिवसभर डोक्यात हेच. दोन काचा वाकड्या कापल्या.

आणि खरंच आपटलं तर? मला तर कळणारही नाही. भानावर येईन आणि हा झाडू घेऊन उभा असेल. नको. द्यावं अक्काला. माझ्यापासून लांब तरी राहील.

हे लिहिताना हात थरथरतोय. शुगर बघितली — सत्त्याण्णव. हा थरथराट रडण्याचा आहे.

११ मार्च

पोरानं बरगडीत अशी लाथ घातली की ओरडलेच. घरात सगळेच हाणामारीवाले!

१४ मार्च

हे सगळं आजच लिहायचं. उद्या कोणी म्हणायला नको की तुला आठवत नाही.

आज दवाखान्यात बाळंतपणाचा प्लॅन ठरवायचा होता. शुगरच्या सिस्टर — फाटक्या आवाजाच्या, कोणाची भीडभाड न ठेवणाऱ्या — एकेक ओळ लिहीत होत्या. अडतिसाव्या आठवड्यात कळा आणायच्या. कळा चालू असताना दर तासाला माझी शुगर. इन्सुलिन आणि ग्लुकोज दोन्ही सलाईनमधून. बाळ बाहेर आलं की इन्सुलिन लगेच एकदम कमी, नाहीतर मी धाडकन् खाली. बाळाचीही शुगर उतरू शकते, म्हणून टाचेतून रक्त तपासायचं आणि अर्ध्या तासाच्या आत अंगावर पाजायचं.

"सोबत कोण राहणार?" सिस्टरांनी विचारलं. "शुगर उतरतेय हे ओळखणारं माणूस पाहिजे."

"मीच," नवरा म्हणाला. "पण सिस्टर, पाजून झालं की बाळ माझ्या बहिणीकडे द्यायचं. ही हिंसक होते. व्हिडिओ आहे माझ्याकडे, चार तारखेचा. अक्कानं दवाखान्याच्या नंबरवर पाठवलाय."

मी मान खाली घातली. तो व्हिडिओ मी कधी धड बघितला नाही. पहिली ताटली फुटली की मी कान झाकते.

"बघितला मी," सिस्टर म्हणाल्या. "केवढा आहे हो?"

"बावीस मिनिटांचा. अख्खा आहे, कुठे कापलेला नाही!" मोठ्या अभिमानानं.

"आणि शुगर कधी मोजलीत?"

"सुरुवातीलाच. मीटरवरचा आकडापण घेतलाय, उगाच खोटं वाटायला नको."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "अडतीस आकडा बघितलात. मग बावीस मिनिटं शूटिंग करत बसलात. हिला ज्यूस कोण देणार होतं?"

 नवऱ्यानं माझा दंड धरला, आधीच काळानिळा झालेला तोच. "चल, निघू आपण." ओढलं, खुर्ची उलटली. सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या. "तुम्ही निघा. ती इथेच थांबेल." असा आवाज लावला की बाहेरच्या बायका दारात जमा झाल्या. तो गेला.

मग सिस्टरांनी मला व्हिडिओ दाखवला. पूर्ण. मी कान न झाकता बघितला.

टेबलावर ज्यूसचा डबा आहे. स्ट्रॉ लावून तयार. मी हात पुढे करते, "दे ना, दे ना," आणि त्याचा डावा हात डबा मागे सरकवतो. "नीट माग. हात जोड." मी हात जोडते. डबा आणखी मागे. मी ताटली फेकते — भिंतीवर. "शाब्बास, अजून एक फेक. अक्काला दाखवायचंय." काचेचा तुकडा उडून त्याच्या गालाला लागतो. अठराव्या मिनिटाला मी खाली पडते, पोट धरून. घड्याळ मी फोडलंच नाही! ते त्यानं माझ्यावर फेकलं.

अक्कानं शेवटपर्यंत बघितलं नसेल. किंवा बघितलं असेल आणि तरीही पाळणा लावला असेल.

मी ओकले. सिस्टरांनी पाठ चोळली, बाळाचे ठोके ऐकवले. घोड्यासारखं दौडत होतं. मग मी ताईला फोन लावला.  ती म्हणाली, "काही सांगू नकोस. कुठे येऊ तेवढं सांग."

फॉर्मवर आता असं आहे. सोबत — मोठी बहीण. नवऱ्याला आत सोडू नये. बाळ — आईजवळ. "आईजवळ"खाली सिस्टरांनी दोन रेघा मारल्या, पेन कागदात घुसेपर्यंत.

रात्री वॉर्डातच ठेवलं.

१५ मार्च

ताईबरोबर घरी गेले, इन्सुलिन आणि कपडे आणायला. आत जायच्या आधी जिन्यातच बोट टोचलं. एकशे आठ.

इन्सुलिन फ्रिजमध्ये, आणि नवरा फ्रिजलाच पाठ लावून उभा. "हात जोड," म्हणाला.

मी त्याच्या मुस्काटात मारली. पूर्ण भानावर होते, शुगर उत्तम, सगळं आठवतंय. लग्नाच्या सहा वर्षांत मी त्याच्यावर हात उचलला तो आज, पहिल्यांदा.