मुकुंदाच्या अक्षता

२३ सप्टेंबर १९७४

दोन बेटांमधलं अंतर दोऱ्यानं मोजलं! शाळेतल्या पृथ्वीगोलावर मॉरिशस मोहरीएवढं आणि सेशेल्स म्हणजे नुसते ठिपके — नावसुद्धा नाही. तास संपला तरी मी गोलाला नाक लावून बसलेली. शिपाई हिलाल दारातून म्हणाला, "बाई, हाई काय करी राहिनात?" भाऊ शोधतेय म्हटलं. हसला. खरंच शोधत होते.

दादा मॉरिशसच्या साखर कारखान्यात केमिस्ट, इथल्या चलथाण कारखान्यातली नोकरी सोडून गेला. धाकटा मुकुंद सेशेल्सला हॉटेलच्या बांधकामावर ओव्हरसियर. दोघे एकाच समुद्रात आणि दोन वर्षं बोलत नाहीत! बाबांच्या शेवटच्या आजारात दादा आला नाही. अग्नी मुकुंदानं दिला. स्मशानातून आल्यावर म्हणाला, "आजपासून मला भाऊ नाही." तेव्हापासून आई एकाला पत्र लिहवून घेताना दुसऱ्याचं नाव काढत नाही.

२४ सप्टेंबर

तोच दोरा गोलाच्या विषुववृत्तावर धरला — पावणेसोळा अंश. एका अंशाला एकशे अकरा किलोमीटर. म्हणजे साडेसतराशे. पण विमानाला वेळ किती?

२७ सप्टेंबर

वरच्या मजल्यावरचे मधुकरराव बँकेच्या कामाला एकदा विमानानं दिल्लीला गेलेत, तेव्हापासून विमानाचं सगळं त्यांनाच विचारायचं. "तासाला सातशे धरा." म्हणजे अडीच तास! इथून मुंबईला जायला याहून जास्त लागतात. आणि गंमत — दोन्ही बेटांवर घड्याळ एकच. दादाकडे सहा वाजले की मुकुंदाकडेही सहाच.

१५ ऑक्टोबर

भाऊबिजेच्या अक्षता-कुंकू दरवर्षी दोन पाकिटांतून जातं. यंदा दोघांच्या पुड्या दादाच्याच पाकिटात घातल्या. मुकुंदाला नुसतं पत्र — "तुझ्या अक्षता दादाकडे आहेत. साडेसतराशे किलोमीटर, अडीच तास. जाऊन घे."

पोस्टातला गुजराती कारकून पत्ता वाचून म्हणतो, "बेन, आ वळी क्यां आव्युं?" दोरा पर्समध्येच होता, कुठे आलं ते दाखवणार होते!

आईला सांगितलेलं नाही. मुकुंद चिडला तर? मलाही तोडून टाकलं तर? उगाच शहाणपणा केला की काय. भीती वाटतेय, फार.

१५ नोव्हेंबर

भाऊबीज. भाऊ जवळ नाहीत म्हणून चंद्राला ओवाळलं. कोर कशीबशी दिसली. आई म्हणाली, "मुकुंदाचं काही आलं का गं?" नाही म्हटलं आणि निरांजन घेऊन आत गेले.

३० नोव्हेंबर

मॉरिशसचं पत्र. पानभर दादाचं अक्षर. अगदी खाली दोन ओळी वेगळ्या — मुकुंदाचं अक्षर!

"ताई, तुझा हिशेब चुकला. दोन तास वीस मिनिटंच लागली."