पाहायला येणारी माणसं

रत्नागिरी,
५ जानेवारी २०२५

चि. राजू यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

“सून घर उजळायला आणली, की चूल सारवायला?” आपल्या आजीने हे म्हटलं तेव्हा आईच्या हातावरची हळदही उतरली नव्हती. आपल्या दोघांचा जन्म व्हायचा होता, तरी ते वाक्य आपल्याला पाठ आहे, कारण आई ते हसत सांगायची. काळी यमुना, नावाप्रमाणेच निघाली, असं वर स्वतःच म्हणायची. हल्ली मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

फोन करू नको म्हणालास. फोन तुझी लेक तेजल उचलते आणि इकडचा आवाज ऐकला की दिवसभर गप्प होते, असं सांगितलंस. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या बाईंनी मोंबासा कुठल्या देशात आहे ते विचारलं, आणि इतकी तिकिटं लावून हल्ली कोण पत्र पाठवतं, असंही ऐकवलं.

आई गणपतीनंतर न्हाणीघरात पडली. हाड वाचलं, पण तेव्हापासून तिचं मन जागेवर राहत नाही. दुपारी ती मला ओळखते, बाजारात बांगडे कसे होते विचारते, मी महाग आणले म्हणून बोलतेही. सकाळी मात्र ती दाभोळला तिच्या माहेरी असते. लग्नाची असते. तिला पाहायला माणसं यायची असतात. ती नारळाच्या सोडणाने दोन्ही हात घासत बसते आणि माझ्याकडे मसूरडाळीचं पीठ मागते. मी सोडण टाकून दिलं, तर उशीखाली दुसरं निघालं. कोपरापासून मनगटापर्यंत साल गेली आहे.

दुपारी शुद्धीत असली की तेजलचं नाव काढते. पोर केवढी झाली असेल गो, एकदा डोळ्यांनी बघू दे, म्हणते. राजू, एप्रिलच्या सुट्टीत तू, वांजिरू आणि तेजल, तिघंही या. आंबा यंदा कमी आहे, तरी तुझी पेटी बाजूला ठेवते. तुझं पोट सुटलंय असं कानावर आलं आहे, तेव्हा एकच पेटी.

आहे तेवढा लोभ राहू दे.

तुझी,
ताई


मोंबासा,
३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोट सुटलं आहे हे खरं. वांजिरू म्हणते, तुमच्या घराण्यात माणूस बंदरावरच्या नोकरीला लागला की जहाजासारखा रुंद होतो.

तिला पत्र वाचून दाखवलं. आईच्या हातांबद्दल आलं तिथे मी अडखळलो. तिने पुढे काय म्हणून विचारलं, सगळं ऐकलं, आणि उठून चुलीवरचा मासा परतत राहिली.

ताई, आम्ही तिकडे आलो होतो ती दिवाळी तुला जशी आठवते तशी मला आठवत नाही. तुला पाच वर्षांची तेजल पाटावर बसलेली आणि आई तिला उटणं लावते आहे, एवढं दिसत असेल. आम्हालाही पहिल्या दिवशी तेवढंच दिसलं. मी फोटोसुद्धा काढला. नरकचतुर्दशी झाली, पाडवा झाला, भाऊबीज झाली, तरी आईचं उटणं संपेना. मग वांजिरूला तेजलच्या कोपराला रक्त दिसलं. आई म्हणाली, मी पोरीचं वाईट का करीन, माझ्या आईने मलाही असंच घासलंय. तेजल रडली नव्हती. तिने आजीला फक्त विचारलं होतं, अजून किती राहिलंय.

त्यानंतर इथल्या उकाड्यात ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालत राहिली. मामेभावंडं समुद्रात, ही वाळूत. गेल्या महिन्यात तिने स्वतःहून बिनबाह्यांचा फ्रॉक मागितला. त्या रात्री वांजिरू न्हाणीचं दार लावून रडली. एवढ्या वर्षांनी मिळालेलं हे मी पुन्हा त्या घरात नेऊन ठेवणार नाही. जूनमध्ये रजा मिळाली तर मी एकटा येईन. आईवर राग नाही असं लिहिलं तर तुला ते खोटं आहे हे कळेल, म्हणून लिहीत नाही.

वांजिरूने तुला निरोप दिला आहे. म्हातारी माझ्या मुलीच्या अंगावर स्वतःलाच घासत होती, हे मला तेव्हाही कळलं होतं, पण रक्त माझ्या मुलीचं आलं, असं ती म्हणते.

रागासकट तुझाच,
राजू


रत्नागिरी,
१२ मार्च २०२५

चि. सौ. वांजिरू हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुला आहे. राजू वाचून दाखवील. मध्येच थांबला तर त्याला थांबू देऊ नको.

तुझा निरोप मिळाला. तेजलला आणू नका. राजूचं बरोबर आहे.

आईचे हात मी आता जुन्या साडीच्या पट्ट्यांनी बांधून ठेवते. साखरेमुळे जखमा सुकत नाहीत. ती सकाळचं खातही नाही. पाहुण्यांच्या आधी मुलीने खायचं नसतं, म्हणते. दुपारपर्यंत तशीच बसते आणि मग ग्लानीत जाते. डॉक्टर म्हणाले, असं फार दिवस चालायचं नाही.

म्हणून मागच्या रविवारी आम्ही सोंग केलं. मी ठेवणीतली साडी नेसले, यांनी इस्त्रीचा सदरा घातला, आणि दोघं पुढच्या दाराने पाहुण्यांसारखे आलो. आईने आम्हाला दडपे पोहे दिले. मान वर केली नाही. मी म्हटलं, मुलगी पसंत आहे. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी वडिलांच्या वळणावर गेले आहे, गोरी. ती म्हणाली, तुम्ही गोऱ्या बायका पुढ्यात गोड बोलता, पोहे खाता, आणि घरी जाऊन नकार कळवता. मग एकेक गाव सांगत गेली. गुहागर, हर्णै, जयगड. आम्हाला यातलं एकही स्थळ माहीत नव्हतं.

तिचा माझ्यावर विश्वास बसत नाही, आणि बसावा तरी का?

वांजिरू, तू ये. एकटी ये. तू तिच्या रंगाची आहेस, तुझं तिला खरं वाटेल. तिच्यासमोर खुर्चीत बस, तिच्या हातची बशी घे, आणि मुलगी पसंत आहे एवढंच बोल. राजू तुला शब्द शिकवील. कदाचित ती तुला ओळखेल आणि सगळंच बिघडेल. नाही बिघडलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती विसरलेली असेल. एका सकाळचाच प्रश्न आहे. ती जेवेल.

जिने तुझ्या लेकीची कातडी सोलली, तिला हे तू द्यावंस असं मागणं बरं नव्हे, हे मला कळतं. तू नाही म्हणशील. तुझ्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं. पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे, तो मी मागत नाही.

तुझी नणंद,
राजश्री

ता. क. विमानाचं तिकीट मी काढते. ये.