टाकीत राहिलेलं तेल

प्रिय अण्णा,

दिवस बुडून तासभर झाला आणि मी जेवलेले नाही. आता उद्या सकाळपर्यंत काही नाही. आई माझं ताट झाकून, रुसून आतल्या खोलीत जाऊन बसली आहे. जाताना "तू बी त्याच्यासारखीच झालीस," एवढंच म्हणाली. तू गेल्यापासून वर्षभरात तिच्या तोंडून तुझी आठवण अशी सहज निघालेली मी पहिल्यांदाच ऐकली. म्हणून लिहायला बसले. पोटात कावळे ओरडताहेत, बोटं गाडीच्या तेलातल्या एरंडेलानं चिकट झालीत, आणि का, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

दमलेय रे. शाळा, आईच्या गोळ्या, तुझ्या दुकानाचं अर्धवट उघडलेलं शटर. एका कचेरीत कन्नडमधून, दुसरीत इंग्रजीतून, तू नाहीस हे मी किती वेळा लिहून दिलं! प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, "सही इथं करा." करत गेले. रडायला वेळ असा मिळालाच नाही.

तुझी ती हातभर लांबीची गाडी मी वर्षभर पेटीतून बाहेर काढली नव्हती. कारण तुला ठाऊक आहे.

शाळेतल्या बायका विचारायच्या, "तुमचे अण्णा अजून खेळण्यातल्या गाड्या पळवतात?" मी सांगायचे, खेळण्यातली नव्हे, तिला खरं इंजिन आहे, लिंबाएवढं. त्या हसायच्या. दिवसभर शेतकऱ्यांचे फवारणी पंप दुरुस्त करणारा माणूस रविवारी व्हॅन काढून निपाणीहून पिरनवाडीच्या मैदानावर जातो आणि पोरासारखा रिमोट धरून उभा राहतो, हे त्यांना कसं पटावं? आणि गाडी सोडायच्या आधी तू मैदान झाडायचास! दगड लागतात म्हणायचास. पण तुझ्याबरोबर गाड्या पळवणाऱ्या सुभेदारमामांनी मला केव्हाच सांगितलं होतं, "दगडाचं निमित्त हाय. मुंग्या हाकलतोय त्यो."

आणि ती तुझी पाच मिनिटं. गाडी पळवून झाली की टाकीत उरलेलं तेल इंजिन चालवूनच जाळून संपवायचं. मग प्लग काढून आत दोन थेंब वंगण सोडायचं, हातानं चाक फिरवायचं, मगच पेटी बंद. मैदानावर धूळ असते म्हणून हे सगळं तू घरी येऊन अंगणात करायचास. तो किर्र आवाज आला की आईला कळायचं, पोरगा पोचला. पण तुझी ती पाच मिनिटं आणि मावळतीचा सूर्य यांची गाठ दर रविवारी पडायची. आपल्या जैनांच्या घरात दिवस बुडायच्या आत जेवण व्हायला हवं, आणि तू त्या गुलाबी तेलाचा शेवटचा थेंब संपायची वाट बघत बसायचास. आई म्हणायची, "सरबत संपलं काय रं त्याचं? मग तुला वाढते."

त्या रविवारी तुला यायला उशीर झाला. ऊन कौलावरून उतरत होतं. मी दिवसभर पेपर तपासून वैतागलेले होते. तू पेटी उघडलीस आणि मी ती तुझ्या हातून ओढून घेतली.

"आधी जेव."

"टाकीत तेल हाय गं तिरशे. पाच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं मला म्हाईत हायेत. दर आठवड्याला आईला उपाशी बसवतोस. कळत न्हाय तुला?"

तू पेटी सोडून दिलीस. हात धुतलेस, जेवलास, "आज लई दमलोय" म्हणून आडवा झालास. सकाळी उठलाच नाहीस.

का रे ऐकलंस माझं? जन्मभर कधी ऐकलं नाहीस, नेमकं त्याच दिवशी कसं ऐकलंस? भांडला असतास, पेटी परत ओढली असतीस, तर तुझं शेवटचं काम तरी तुझ्या मनासारखं झालं असतं.

तीन आठवड्यांपूर्वी सुभेदारमामांचा फोन आला. कॅम्पातल्या घरी आता एकटेच असतात, तुला माहीतच आहे. म्हणाले, "तायी, मैदान चाललं. प्लॉट पाडलेत. अजून तीन रविवार मिळतील. अण्णाची गाडी तिथं एकदा फिरव. तुला जमत न्हाय तर मला आणून दे."

जमत नाही, असं माझ्या तोंडून येईना. तुझं इंजिन मी थांबवलं होतं. ते माझ्याच हातून, तुझ्याच मैदानावर सुरू व्हायला हवं होतं.

पेटी उघडली. इंजिन सुरू करायची दोरी ओढली तर हलेचना! टाकीत राहिलेलं तेल वर्षभरात आटून आत डिंकासारखं चिकटलं होतं. तुझी वही काढली. त्यात तू लिहिलंयस: "अडकलं तर जोर नको. ऊब दे." शेजारच्या ब्यूटी पार्लरमधून केस वाळवायचं मशीन मागून आणलं. ती पोरगी विचारते, "कुठं लगीन हाय काय आक्का?" काय सांगणार? इंजिनाला ऊब दिली, प्लग काढून वंगणाचे थेंब सोडले, चाक बोटांनी मागंपुढं, मागंपुढं केलं. चौथ्या संध्याकाळी सुटलं. मी अंगणातच बसून रडले. तेवढा वेळ तेव्हा मिळाला.

मग वहीतली पुढची ओळ: "प्लग पहिल्यांदा. बाकी सगळं नंतर." प्लगला बॅटरी लावली. आतली केसासारखी तार नारिंगी उजळायला हवी, ती अर्धीच, आणि विझू विझू लाल. तुझ्या डबीतला नवा बसवला. रबरी नळी वाकवून बघितली तर चिरलेली. त्यातून तेलाबरोबर हवेचे बुडबुडे येत होते. तीही बदलली. टाकी धुतली, आणि तुझा फडताळात ठेवलेला अर्धा डबा काढून त्यातलं तेल भरलं.

सुरू झालं! आई कान झाकून ओरडली, "बंद कर ते!" मी बंद केलं नाही, तर उंबऱ्यातच उभी राहून बघत राहिली. पण प्लगवरची बॅटरी काढली की इंजिन मरायचं. पुन्हा ओढ, पुन्हा मर. मग इंजिनात तेल सोडणारी ती सुई. कसली की तेल कमी, सैल केली की जास्त. वहीत होतं: "एका वेळी आठवा हिस्सा फिरव आणि थांब. घाई करशील तर इंजिन जाळशील." फिरवली, थांबले. धूर फार आला की कसायची, धूर नाहीसा झाला की भिऊन परत सैल करायची. शाळेतून आले की रोज हेच. एका दिवशी जुळलेली सुई दुसऱ्या दिवशी जुळायची नाही. नवा प्लगही आठ दिवसांत मेला. हात भाजला, मान अवघडली. एकदा तर पेटीच विहिरीत टाकावीशी वाटली.

वहीत आणखी एक ओळ होती. ती मी वाचून सोडून देत होते.

आज शेवटचा रविवार. व्हॅन घेऊन गेले. हो, मी शिकले चालवायला, तुझ्यापेक्षा सावकाश चालवते. मैदानावर पांढरे रंगवलेले दगड रोवलेत, प्रत्येकावर नंबर. सुभेदारमामा खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्यापुढं इंजिन सुरू केलं. धडपडलं, मेलं. त्यांनी प्लग बघितला, नळी बघितली, सुई बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

"सुई बरोबर हाय तुझी. प्लग बरोबर. आता डब्याचं खरं सांग. उघडलतीस काय?"

मी डबा मागं सरकवला.

"किती येळा?"

"दर रविवारी."

"वर्षभर? पावसाळ्यात बी? अगं, हवेतलं पाणी पितंय ते तेल! अण्णानं सांगितलं न्हाय तुला?"

सांगितलं होतं. तीच ती ओळ: "सगळं नीट असून सुई जुळत नसेल तर डबा बघ. झाकण उघडं राहिलं का?"

"कशाला उघडलीस पण?"

"वासाला," मी म्हणाले.

अण्णा, तुझे शर्ट आईनं आठवड्यात वाटून टाकले. घरात तुझा वास राहिला तो त्या डब्यात. रविवारी आई झोपली की मी झाकण काढायचे, दोनदा श्वास घ्यायचे, लावून ठेवायचे. तेवढंच. त्यानं तुझं तेल नासलं. इंजिनात दोष शोधत बसले, आणि दोष होता तो माझा, दर आठवड्याचा.

सुभेदारमामांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "अण्णा असता तर लई शिव्या घातल्या असत्या तुला. झाकण लाव म्हणून."

दोघंही हसलो. मी म्हटलं, ते तेल इथं जमिनीवर ओतू नका. ते म्हणाले, "म्हाईत हाय. मुंग्या." डबा त्यांनी आपल्या गाडीत ठेवला, त्यांच्याकडचं ताजं तेल टाकीत भरलं, नवा प्लग दिला आणि मागं सरले. "तूच ओढ."

आधी मी मैदान झाडलं.

तिसऱ्या ओढीला सुरू झालं. बॅटरी काढली, मेलं नाही. निळसर धुराची शेपटी निघाली आणि तो वास आला. अण्णा, तो तुझा वास! डब्यातला नव्हे. डब्यातला नुसता औषधासारखा होता, मी त्यात तुला ओढूनताणून शोधत होते. तुझ्या शर्टाला यायचा तो जळलेल्या तेलाचा होता, चालत्या इंजिनाचा. तो साठवून ठेवता येण्यासारखा कधी नव्हताच, आणि मी वर्षभर झाकण उघडून बसले!

एक फेरी पुरी केली. वळणावर गाडी सात नंबरच्या दगडाला धडकली आणि उलटी झाली. सुभेदारमामा ओरडले, "घ्या! अण्णानं प्लॉटचा ताबा घेतला!" सरळ करून इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब नाचला, लगेच उडून गेला नाही. म्हणजे ताप बरोबर. तू कसा मान हलवायचास, तशी मी हलवली.

घरी पोचायला उशीर झाला. आई ताट वाढून दारात उभी. ऊन कौलावरून उतरत होतं.

"आधी जेव," ती म्हणाली. अगदी माझ्या त्या दिवशीच्या स्वरात.

"टाकीत तेल हाय, आई. पाच मिनिटं."

ती हलली नाही. मी दोरी ओढली. इंजिन चाललं, चाललं, आवाज वर गेला आणि थांबला. प्लग काढला, वंगणाचे दोन थेंब सोडले, चाक फिरवलं, पेटी बंद केली. वर बघितलं तर सूर्य गेलेला.

मला पश्चात्ताप नाही. भूक आहे, ती तेवढी सांगितली.

सुभेदारमामा गुंजीकडं एक मोकळी जागा बघून येणार आहेत. मिळेल, न मिळेल. त्यांनी ताज्या तेलाचा छोटा डबा दिला, तो फडताळात ठेवला आहे. तुला एवढा शब्द देते, अण्णा: यापुढं कुणाची पाच मिनिटं मी त्याच्या हातून ओढून घेणार नाही. टाकीत तेल ठेवून पेटी बंद करणार नाही. आणि त्या डब्याचं झाकण इंजिनासाठीच उघडेन, तुझ्यासाठी नाही.

तुझी उपाशी,
तिरशा