मुन्जी मास्तरांचा मेंदू

ट्यूनिस, सोमवार

आदरणीय बय्या आत्यास रजियाचे सलाम.

तुझे गुडघे, तुझं लिंबाचं झाड आणि तुझी शेजारीण, तिघंही ठीक असतील अशी आशा. (शेजारीण नसली तरी चालेल.) मी ठीक, म्हणजे उभी आहे.

मी प्रयोगशाळेत नक्की करते काय, असं तू विचारलंस. जनुकं अक्षरांत लिहिलेली असतात आणि प्रत्येकाच्या लिखाणात कुठे कुठे एखादं अक्षर वेगळं असतं. तेवढ्याने मेंदूतलं एखादं जनुक जास्त राबतं, एखादं कामचुकारपणा करतं (आमच्या कचेरीसारखंच). हे रक्तावरून पुरतं कळत नाही. मेंदूच लागतो, तोही शेकड्यांनी. तो मागायला मयताच्या घरी जावं लागतं. आठ वर्षं झाली, कसा चेहरा करून जावं ते अजून कळलेलं नाही.

गुरुवारी मुन्जी मास्तर गेले. सहा वर्षं विस्मरणाने आजारी होते, पण शुद्धीत असताना त्यांनी मेंदू देण्याच्या कागदावर सही केली होती. दफन त्याच दिवशी, दुपारी असरच्या नमाजानंतर. मी सकाळी नऊला पोचले, तर दारात त्यांचा भाऊ आडवा. "कयामतीच्या दिवशी माझा भाऊ मेंदूशिवाय उठायचा काय?" आतून मास्तरांची बायको नझीहा म्हणाली, "सहा वर्षं त्याच्याशिवायच उठत होता. तेव्हा तू कुठे होतास?" मग मला म्हणाली, "यावरून कळेल का गं, माझं नाव विसरला आणि माझ्याआधी लग्न ठरलेल्या मुलीचं शेवटपर्यंत कसं पाठ राहिलं?"

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं, आत्या. म्हटलं, "नाही, खाला. एकट्या मेंदूवरून काही कळत नाही. पाचशे जमले तर थोडं कळेल, तेही दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं."

"म्हणजे माझ्यासारख्या पाचशे बायका?" तिने विचारलं. मग म्हणाली, "ने. पण असरच्या आत माणूस घरी आण."

प्रयोगशाळेत मेंदू काढून मास्तरांना घरी परत नेताना आमची गाडी वरातीत अडकली (पुढे ढोल, मागे मास्तर). पोचलो तेव्हा अजानला दहा मिनिटं होती. भावाने माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

तुझी,
रजिया

ता. क. सोबत तसाच एक कागद आहे. बाबा गेले तेव्हा त्यांचा मेंदू मागायचा मला धीर झाला नाही. तू त्यांची सख्खी बहीण. ईदला तू मला तीनदा माझ्या आईच्या नावाने हाक मारलीस आणि मी तिन्ही वेळा ओ दिली. सही आत्ताच कर.

पुन्हा ता. क. सही कर आणि शंभर वर्षं जग. आमच्या फ्रीझरमध्ये तूर्तास जागा नाही.